गुपित बाहेर नेणारे दोघे: कॉर्पोरेट हेर आणि जागल्या

कॉर्पोरेट हेरगिरीवरच्या सिनेमांची कुठलीही यादी उघडा, ‘डुप्लिसिटी’च्या शेजारी ‘द इन्सायडर’ बसवलेला सापडण्याची दाट शक्यता. दोन्हींत बलाढ्य कंपन्या आहेत, पाळत आहे, आणि आतली गोष्ट बाहेर नेणारा कुणीतरी आहे. पण पहिला सिनेमा हेरांचा आहे आणि दुसरा जागल्याचा, म्हणजे आपल्याच कंपनीतला गैरप्रकार उघड करणाऱ्या व्हिसलब्लोअरचा. दोघांना एका खणात कोंबलं की ‘द इन्सायडर’ बघणारा अडीच तास पाठलागाची वाट बघत बसतो आणि शेवटी वैतागतो.

फरक ओळखायचा तर गुपित फुटल्यावर त्याच्या किमतीचं काय होतं ते बघावं. हेराने पळवलेला फॉर्म्युला उद्या पेपरात छापून आला तर त्याला कुणी दमडी देणार नाही. तो एकाच गिऱ्हाइकाला गुपचूप विकण्याचा माल. जागल्याजवळची माहिती मात्र चारचौघांत येईपर्यंत कुचकामी असते. कथेतला ताणही त्यावरूनच ठरतो. हेराला धास्ती पकडलं जाण्याची, जागल्याला आपलं म्हणणं लोकांपर्यंत पोहोचूच दिलं जाणार नाही याची.

पहिल्या जातीचा अस्सल नमुना हवा असेल तर यासुझो मासुमुरा यांचा १९६२ सालचा जपानी ‘ब्लॅक टेस्ट कार’ बघावा. टायगर आणि यामातो या दोन काल्पनिक मोटार कंपन्या नव्या स्पोर्ट्स कारवरून एकमेकींच्या मागे लागल्या आहेत. डिझाइनइतकाच जीव अडकलाय तो समोरच्याच्या गाडीच्या किमतीत. गाडी बाजारात आली की ही किंमत शेंबड्या पोरालाही कळणार, पण त्याआधी ती मिळवण्यासाठी नायक आपल्या होणाऱ्या बायकोला प्रतिस्पर्धी कंपनीच्या माणसाकडे पाठवतो. काही दिवसांनी फुकट मिळणाऱ्या आकड्यापायी! याहून कडवट हेरपट माझ्या बघण्यात नाही.

टोनी गिलरॉय यांचा ‘डुप्लिसिटी’ (२००९) त्या मानाने खेळकर. ज्युलिया रॉबर्ट्स सीआयएची माजी हेर, क्लाइव्ह ओवेन ब्रिटनच्या एमआय-सिक्सचा. देशासाठी शिकलेली विद्या दोघं आता क्रीम-शाम्पूच्या कंपन्यांच्या भांडणात वापरतात. पुढचं वाक्य सिनेमा न पाहिलेल्यांनी गाळावं: टकलावर केस उगवणारा जो फॉर्म्युला मिळवण्यासाठी सगळा खटाटोप चालतो, तो खोटाच निघतो, समोरच्याला गाडण्यासाठी मुद्दाम पेरलेला. हेरकथेत हे चालून जातं, कारण तिथे गुपित खरं असण्यापेक्षा समोरच्याला ते खरं वाटणं महत्त्वाचं. जागल्याची माहिती खोटी निघाली तर तो संपलाच.

मायकल मान यांच्या ‘द इन्सायडर’मध्ये (१९९९) म्हणूनच चोरी नाहीच. जेफ्री वायगंड हे ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीचे संशोधनप्रमुख होते. १९९३ मध्ये कंपनीने त्यांना काढलं आणि गुप्ततेच्या कराराने तोंड बांधलं. पुढच्याच वर्षी सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं, की निकोटीनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. वायगंड यांना जे ठाऊक होतं ते त्यांच्या डोक्यात होतं, ते कुठून पळवायचं नव्हतं. अडचण होती ती बोलण्याची. त्यांनी सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ला मुलाखत दिली, तर करार मोडायला फूस लावली म्हणून आपल्यावरच दावा लागेल या भीतीने वाहिनीच्या वकिलांनी ती अडवून धरली. पूर्ण मुलाखत दिसली ती ४ फेब्रुवारी १९९६ ला. सिनेमाचा निम्मा जीव या अडवणुकीत आहे, आणि मला तोच भाग जास्त भिडतो. रसेल क्रो यांचे वायगंड कुठूनही हिरो वाटत नाहीत. पोट सुटलेला, चिडका, संसार मोडत चाललेला माणूस. हेराला पैसे मिळतात, याची होती ती नोकरी आणि विमाही गेला.

कायद्यालाही हा फरक दिसतो. अमेरिकेत व्यापारी गुपित चोरणं १९९६ च्या कायद्याने केंद्रीय गुन्हा ठरलं. २०१६ च्या कायद्याने मात्र, गैरप्रकाराची तक्रार म्हणून तेच गुपित सरकारी अधिकाऱ्याला किंवा वकिलाला विश्वासाने सांगणाऱ्याला संरक्षण दिलं. आपल्याकडचा २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे. खासगी कंपनीत तक्रारीची यंत्रणा असते ती २०१३ च्या कंपनी कायद्याखाली, म्हणजे कंपनीनेच उभारलेली. मधुर भांडारकरांच्या ‘कॉर्पोरेट’मध्ये (२००६) बिपाशा बासूने केलेली निशिगंधा प्रतिस्पर्ध्याची माहिती काढून आणते, आणि पुढे शीतपेयातल्या कीटकनाशकाचं प्रकरण शेकतं तेव्हा मालकांसाठी दोष स्वतःवर घेते. हेर होणं तिला जमलं, जागल्या होण्याची वेळ आली तेव्हा ती गप्प राहिली.

या दोन खणांत कुठेच न मावणारा माणूस म्हणजे मार्क व्हिटेकर, ‘द इन्फॉर्मंट’चा (२००९, दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग) नायक. हाही खराखुरा. एडीएम या धान्यप्रक्रिया कंपनीतला बडा अधिकारी. १९९२ मध्ये त्याने वरिष्ठांना सांगितलं, की जपानी प्रतिस्पर्ध्याचा माणूस आपल्या लायसिनच्या (पशुखाद्यात घालायच्या एका पदार्थाच्या) कारखान्यात घुसून उत्पादन बिघडवतोय आणि खंडणी मागतोय. एफबीआय आली ती या हेरगिरीच्या तपासाला. ती गोष्ट थाप निघाली. पण बायकोने नेट लावल्यावर त्याने खरं प्रकरण सांगितलं: लायसिनचे भाव एडीएम आणि परदेशी कंपन्या संगनमताने ठरवत होत्या. मग जवळजवळ तीन वर्षं तो छुपा रेकॉर्डर लावून बैठकांना बसला, आणि स्वतःला ‘०-०-१४’ म्हणवत राहिला, म्हणजे झिरो झिरो सेव्हनच्या दुप्पट हुशार. १९९६ मध्ये एडीएमला १० कोटी डॉलरचा दंड झाला. दरम्यान या पठ्ठ्याने कंपनीचे ९० लाख डॉलर स्वतःकडे वळवले होते. त्यापायी तो आठ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात राहिला. त्याच्या टेपांमुळे दोषी ठरलेल्या वरिष्ठांना त्याच्या निम्मीही शिक्षा झाली नाही.