संत्र्याची कलम नेण्याआधी : साल, डोळा आणि झाडाचे कूळ

शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि वह्या घेऊन रोपवाटिका बघायला येणाऱ्या कृषी विद्यालयाच्या मुला-मुलींनो,

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याची कलम म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको. पण बुडाजवळची ती गाठ आतून कशी जुळते हे ठाऊक असले, तर बागेतल्या बऱ्याच चुका टळतात.

आमच्याकडे आलात की जंबेरीची, म्हणजे ज्या लिंबाच्या जातीवर संत्रा बांधतात तिची, छाटलेली एखादी फांदी घ्या आणि साल सोलून बघा. सालीच्या आतल्या अंगाला रसवाहिन्या असतात; पानांत तयार झालेले अन्न त्यांतून मुळांकडे उतरते. खालचे पांढरे लाकूड म्हणजे जलवाहिन्या. मुळांनी ओढलेले पाणी त्यांतून वर चढते. या दोहोंच्या मधे, बोटाला बुळबुळीत लागणारा थर म्हणजे कॅम्बियम. नवी साल आणि नवे लाकूड दोन्ही तोच घडवतो. खुंटावर, म्हणजे खाली मुळे देणाऱ्या जंबेरीच्या रोपावर, टी अक्षरासारखी चीर देऊन आम्ही संत्र्याचा डोळा (फुटव्याची कळी) आत सरकवतो, तेव्हा खुंटाचा आणि डोळ्याचा कॅम्बियम एकमेकांना भिडला पाहिजे. भिडला तरच डोळा जीव धरतो. खुंटाला पाण्याचा ताण असला की साल लाकडाला चिकटून बसते, सुटत नाही. अशा वेळी आम्ही डोळे भरत नाही, मागणी कितीही असो.

हीच रचना बागेतही आठवा. बुडाला बांधलेली तार सालीत रुतली, किंवा जनावराने चहूबाजूंनी साल खाल्ली, तरी पाने बरेच दिवस हिरवी दिसतात, कारण लाकडातून पाणी चढतच असते. मुळे मात्र उपाशी पडतात. झाड पुढे कधीतरी वाळते आणि आपण रोग शोधत बसतो.

केळीची कलम मिळेल का, असे बरेच जण विचारतात. मिळणार नाही. केळी एकदल आहे. तिच्यात कॅम्बियमचे कडेच नसते, आणि ज्याला आपण खोड म्हणतो ते पानांचे आवळलेले देठ असतात. केळी कंदापासून किंवा मुनव्यांपासून (बुडाशी फुटणाऱ्या पिलांपासून) लावायची.

आता कूळ. संत्र्याचे पान उजेडात धरा, बारीक चमकते ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगळल्यावर वास येतो तो त्यांचाच. कढीपत्ता, बेल आणि कवठ यांच्या पानांतही त्या असतात, कारण ही सगळी एकाच कुळातली. म्हणून परसातल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली, तर नव्या कलमाही तपासा. लिंबावरच्या फुलपाखराची ती अळी या सगळ्यांवर जगते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर शिंगे काढते.

शास्त्रीय नावातला पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा नावासारखा. कार्ल लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींसाठी ही पद्धत सरसकट वापरली. संत्रा सिट्रस रेटिक्युलाटा, जंबेरी सिट्रस जंबिरी. आडनाव एक, म्हणून कलम जुळते.

तणनाशक घेतानाही ओळख लागते. केना रुंद पानाचा, तरी एकदल. लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवा, तिकोनी लागते. दोन्ही गवताच्या कुळातली नाहीत, त्यामुळे फक्त गवतावर चालणाऱ्या औषधाने ती मरत नाहीत. उलट टू-फोर-डी हे रुंद पानांचे औषध वाऱ्याने पऱ्हाटीवर (कपाशीवर) गेले, तर पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली दिसतात. त्याचा पंप वेगळाच ठेवा.

लावताना डोळ्याची गाठ जमिनीच्या वीतभर वर राहू द्या. ती मातीत गाडली, की डिंक्या रोगाला (बुडाची साल कुजून डिंक गळतो तो) वाट मिळते आणि जंबेरीचा खुंट घेतल्याचा उपयोग उरत नाही. गाठीच्या खालून आलेला काटेरी फुटवा कोवळा असतानाच हाताने मोडा. तो वाढू दिला तर जोर तोच खातो, वरचा संत्रा मागे पडतो, आणि फळ धरते ते जंबेरीचे. फुटवा वरचा की खालचा हे कळत नसेल, तर काट्यापानांसकट डहाळी घेऊन या, नुसता फोटो नको. पान चुरगळून वास घेतला की ओळख पक्की होते.