पार्श्वभूमी: ‘ऐच्छिक’ छात्रसेना आणि गावाकडची पोरं

एनसीसीचं, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेचं, दहा दिवसांचं शिबिर आटोपून एसटीनं परतलेल्या पोराला गाव आधी एकच विचारतं, ‘गोळी मारली का?’ पॉइंट टू-टू रायफल, नकाशावाचन, होकायंत्र, तंबूभोवती चर खणणं, हे सगळं त्यानंतर. पण हे विचारायला तरी गावात एखादा छात्र हवा. तालुक्याच्या पलीकडल्या कित्येक शाळा-कॉलेजांत तो नसतोच.

1917 ची विद्यापीठातली तुकडी, 1946 ची समिती, 1948 चा कायदा, 1949 मध्ये मुलींचा विभाग, हे छात्रसेनेचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. विदर्भाला कवायतीची गोडी त्याच्याही आधी लागली होती. अमरावतीच्या व्यायामशाळेत 1914 पासून आखाडा आणि लाठी चालू होती.

खरी गाठ बसली ती 1960 च्या दशकात. चीनशी युद्ध झालं आणि 1963 मध्ये कॉलेजच्या मुलांना छात्रसेना सक्तीची झाली. आमचे मामा त्या पिढीतले. बुटांची एक जोडी दोघांत, एकाची परेड संपेपर्यंत दुसरा बाभळीखाली बसलेला, असं ते सांगत. शिकवणारे कमी, पोरं शेकड्यांनी. त्यात कंटाळा आला नसता तरच नवल. 1968 मध्ये सक्ती उठली आणि पुढच्याच वर्षी समाजसेवेची वेगळी योजना (एनएसएस) आली.

सक्ती उठली हे योग्यच झालं. घोळ झाला तो ‘ऐच्छिक’ या शब्दाचा. लोकांनी त्याचा अर्थ घेतला, ज्याला हवं त्यानं यावं. व्यवहारात इच्छा आधी संस्थेची, मग बटालियनच्या मंजूर जागांची, त्यात प्रशिक्षित शिक्षक असण्याची, आणि सरतेशेवटी पोराची. जागा संस्थेला मिळतात, गावाला नाही. ज्या कॉलेजाकडे आधीपासून मैदान, शस्त्र ठेवायची सोय आणि प्रशिक्षण घेतलेला प्राध्यापक होता, त्याची तुकडी टिकली. नंतर निघालेलं गावाकडचं कॉलेज अर्ज करून रांगेत उभं राहिलं. सक्तीच्या काळात निदान दोघांत एक बूट तरी होता!

यात एक गंमत आहे. शिक्षकांना छात्रसेनेचे अधिकारी करणारी अकादमी आपल्याच कामठीत आहे. देशभरचे शिक्षक तिथे येऊन कवायत शिकतात आणि आपापल्या राज्यात परततात.

भाषेची अडचण इथे कधी नव्हती. कवायतीच्या हिंदी आज्ञांवरून 1968 मध्ये आजच्या तामिळनाडूत रण माजलं. 1956 पर्यंत आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात राहिलेल्या आमच्या पोरांना ‘दहिने मूड’, ‘थम’ घरचंच वाटलं. गडबड होते ती ‘पीछे मूड’ला, आणि ती पायांची. धुऱ्यावरून अनवाणी पळणारा पोरगा नव्या बुटात पहिले तीन दिवस लंगडतो.

रानात टिकून राहण्याचा तास मात्र उलटा चालतो. कोरड्या नाल्यात पाण्यासाठी झिरा कुठे खणायचा, पळसाच्या पानांची पत्रावळ कशी टाचायची, मोहफुलं वेचताना पाचोळ्यात आधी काठी का फिरवायची, हे मेळघाट किंवा गडचिरोलीकडची पोरं हवालदारालाच दाखवतात. त्यांना नवी असते ती नकाशावरची उत्तर दिशा, आणि दहाजणांची तुकडी आपल्या शब्दावर चालवणं. चूक झाली तर ती आपली, हे पहिल्यांदा तिथेच कळतं.

15 ऑगस्ट 2020 ला विस्ताराची घोषणा झाली: सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या 173 जिल्ह्यांत एक लाख नवे छात्र, त्यात एक तृतीयांश मुली. विदर्भाला समुद्र नाही. सीमा आहे, पण ती मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणाची. ती त्या हिशेबात धरत नाहीत. संस्थेनं स्वतः खर्च उचलून तुकडी घ्यायची, असाही मार्ग निघाला आहे. फी भरायला कापूस विकला जाण्याची वाट पाहणाऱ्या गावातल्या शाळेनं तो कसा परवडवायचा?

दरम्यान सैन्यभरतीत प्रमाणपत्राला जादा गुण असल्यानं ओढ वाढलीच आहे. तुकडी असलेल्या शाळेत निवडीच्या दिवशी पहाटेच मैदान भरतं. शेजारच्या गावातली, दुसऱ्या शाळेतली पोरंही सायकली घेऊन येतात. सर त्यांना धावू देतात, वेळ सांगतात, फक्त यादीत नाव लिहीत नाहीत.