मुजीब आणि झिया: जनाज्याच्या गर्दीवरून प्रेम मोजू नका

बांगलादेशचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "मुजीब मारले गेले तेव्हा ढाक्यात कुणी रस्त्यावरसुद्धा उतरलं नाही, झिया मारले गेले तेव्हा लाखो लोक जनाज्याला लोटले. यावरून काय ते समजा." चांगले वाचणारे लोक हे बोलतात, व्याख्यानांत ऐकवतात, लेखांत लिहितात. यातली दोन्ही विधानं बऱ्याच अंशी खरी आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे आणि मला आता त्याचा वीट आला आहे.

बांगलादेशचे संस्थापक शेख मुजीबुर रहमान आपल्याकडच्या वाचकाला नव्याने सांगायला नकोत. १९७१ चं मुक्तियुद्ध, पाकिस्तानची कैद, १० जानेवारी १९७२ ला मायदेशी जाताना वाटेत दिल्लीत उतरलेले वंगबंधू, हे सगळं आपल्याला पाठ आहे. एवढंच ध्यानात असू द्या की हत्येच्या वेळी ते पंतप्रधान नव्हते, राष्ट्रपती होते. जानेवारी १९७५ मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांनी अध्यक्षीय पद्धत आणि पाठोपाठ एकपक्षीय राजवट आणली होती. झियाउर रहमान हे त्याच मुक्तियुद्धातले मेजर. २७ मार्च १९७१ ला चितगावच्या काळुरघाट रेडिओ केंद्रावरून मुजीबांच्या वतीने स्वातंत्र्याची घोषणा वाचणारे. पुढे लष्करप्रमुख, १९७७ पासून राष्ट्रपती, १९७८ मध्ये बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टीचे संस्थापक. दोघांच्या नावात रहमान आहे, नातं काही नाही. आणि कृपा करून या झियांना पाकिस्तानच्या झिया उल हक यांच्याशी जोडू नका. ते १९८८ मध्ये विमान कोसळून गेले. त्यांचा इथे काहीही संबंध नाही.

दोघांनाही पहाटेच्या वेळी, स्वतःच्याच सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी मारलं. हे साम्य इतकं ठळक आहे की पुढचा फरक लोकांच्या नजरेतून निसटतो. मुजीबांचे मारेकरी जिंकले. झियांचे मारेकरी हरले. दुखवट्याबद्दलची जवळपास प्रत्येक गोष्ट या एका फरकातून येते.

१५ ऑगस्ट १९७५ ची सकाळ घ्या. ढाक्यात धानमंडीच्या ३२ नंबर रस्त्यावरच्या घरात मुजीब, त्यांची पत्नी, तीन मुलगे, दोन सुना यांची प्रेतं पडलेली. धाकटा रसेल जेमतेम दहा वर्षांचा. रेडिओवरून हत्येची घोषणा मारेकऱ्यांपैकीच एकाने केली. लष्करी कायदा लागला, संचारबंदी लागली, आणि मुजीबांच्याच मंत्रिमंडळातले खोंदकार मोश्ताक अहमद त्याच दिवशी राष्ट्रपती झाले. म्हणजे राष्ट्रपतींच्या मृत्यूवर दुखवटा जाहीर करण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता, तो मारेकऱ्यांच्या बळावर खुर्चीत बसला होता. कुटुंबातल्या बाकीच्यांना ढाक्यातच बनानीच्या कबरस्तानात घाईने पुरलं गेलं. मुजीबांचं शव दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने टुंगीपाडा या त्यांच्या गावी नेलं. कारण उघड आहे: राजधानीत कबर असती तर तिथे माणसं जमली असती. सैनिकांना काम लवकर उरकायचं होतं. निदान अंघोळ तरी घालू द्या, असा हट्ट गावकऱ्यांना धरावा लागला. ५७० नावाच्या कपडे धुण्याच्या साबणाने ती अंघोळ झाली आणि मदतीसाठी आलेल्या साड्यांच्या कापडाचं कफन झालं. जनाज्याला मूठभर माणसं, भोवती बंदुका. यात गर्दी कुठून येणार होती?

आता ३० मे १९८१. चितगावच्या सर्किट हाऊसमध्ये झियांना गोळ्या घातल्या. शव बंडखोरांच्याच ताब्यात होतं आणि त्यांनीही तेच केलं: रांगुनियाच्या डोंगराळ भागात गुपचूप पुरून टाकलं. इथवर दोन्ही गोष्टी सारख्याच चालल्या आहेत. पण ढाका बंडखोरांच्या हाती आलं नाही. उपराष्ट्रपती अब्दुस सत्तार यांनी सूत्रं घेतली, सैन्य सरकारच्या बाजूने राहिलं, दोन दिवसांत बंड कोसळलं. रांगुनियाची कबर शोधून उकरली गेली, शव ढाक्याला आणलं, संसद भवनात ठेवलं आणि २ जूनला माणिक मिया अव्हेन्यूवर जनाज्याची नमाज झाली. तो जनसागर खरा होता, त्याबद्दल वाद नाही. संसद भवनाशेजारच्या उद्यानात त्यांचं दफन झालं. त्यांचाच पक्ष सत्तेवर होता आणि नोव्हेंबरमध्ये सत्तार त्याच पक्षातर्फे राष्ट्रपतिपदाची निवडणूक जिंकले.

बंड चार-सहा आठवडे टिकलं असतं तर झियांची कबर रांगुनियातच राहिली असती आणि माणिक मिया अव्हेन्यूवर कुणी फिरकलं नसतं. तेवढ्यावरून त्यांच्यावर कुणाचं प्रेम नव्हतं, असं आपण म्हटलं असतं का?

उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो कुणी सांगत नाही, याची मला खंत आहे. ३ नोव्हेंबर १९७५ ला लष्करी अधिकारी खालेद मुशर्रफ यांनी प्रतिबंड केलं आणि मारेकऱ्यांची पकड काही दिवस सैल झाली. लगेच दुसऱ्या दिवशी ढाका विद्यापीठाकडून ३२ नंबरकडे शोकमोर्चा निघाला. म्हणजे दार किलकिलं होताच माणसं बाहेर आली. ७ नोव्हेंबरला खालेद मारले गेले आणि दार पुन्हा बंद झालं. मुक्तियुद्धात लढलेल्या कादेर सिद्दिकींसारखे काही जण तर मुजीबांसाठी हत्यार घेऊन सीमेवर लढत राहिले. पुढे १७ मे १९८१ ला, झियांच्या हत्येच्या अवघे तेरा दिवस आधी, मुजीबांच्या कन्या शेख हसीना परदेशातून परतल्या तेव्हा भर पावसात प्रचंड गर्दी झाली. ज्या घरात आईवडील मारले गेले त्या घरात मात्र त्यांना जाऊ दिलं नाही. ते घर ताब्यात मिळालं झियांच्या मृत्यूनंतर.

याचा अर्थ १९७५ मध्ये सारा देश मनातून हुंदके देत होता, असं मी म्हणत नाही. ती दुसऱ्या टोकाची भाबडी कथा आहे आणि तीही मला तितकीच नकोशी वाटते. १९७४ चा दुष्काळ लोक विसरले नव्हते. राखी बाहिनी या सरकारी निमलष्करी दलाची दहशत होती, चार सोडून बाकीची वर्तमानपत्रं बंद केली होती. अनेकांचा मुजीबांवरचा विश्वास उडाला होता. झियांच्या काळातही मुक्तियुद्धात लढलेले कर्नल ताहेर फासावर गेले, १९७७ च्या हवाईदलातल्या उठावानंतर शेकडो सैनिक लटकवले गेले. त्यांच्या घरचे लोक काही माणिक मिया अव्हेन्यूवर रडायला गेले नसतील. कोणावर किती प्रेम होतं हे ठरवायचंच असेल तर निवडणुका, आठवणी, त्या काळची पत्रं, असं बरंच काही तपासावं लागेल. जनाज्याची गर्दी हे त्याचं माप नाही. तिथे जायला कोणी परवानगी दिली होती, एवढंच ती खात्रीने सांगते.

पुढच्या दुखवट्यांचंही तेच. १५ ऑगस्ट हा राष्ट्रीय शोकदिन झाला १९९६ मध्ये, हसीना सत्तेवर आल्यावर. २००२ मध्ये झियांच्या पत्नी खालिदा झिया यांच्या सरकारने तो काढला, २००८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने परत आला, ऑगस्ट २०२४ मध्ये हसीनांची सत्ता गेल्यावर आलेल्या हंगामी सरकारने सुट्टी रद्द केली. विमानतळाचंही तसंच: ढाक्याचा विमानतळ झियांच्या नावाचा होता, २०१० मध्ये ते नाव गेलं. दुखवटा सरकारी झाला की त्याचं आयुष्य त्या सरकारएवढं, आणि हसीनांनी तर तो कायद्यात घातला. २०१८ च्या डिजिटल सुरक्षा कायद्यात राष्ट्रपित्याविरुद्धच्या, म्हणजे मुजीबांविरुद्धच्या, प्रचाराला तुरुंगवासाची तरतूद होती. मला हे तेव्हाही अक्षम्य वाटलं, आजही वाटतं. १९७५ मध्ये रडायला बंदी होती, २०१८ मध्ये न रडणं धोक्याचं झालं. ५ ऑगस्ट २०२४ ला ३२ नंबरचं घर जाळलं गेलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये जमीनदोस्त झालं. ते घर पाडणं हा गुन्हाच आहे. पण त्या रागातला मोठा भाग १९७५ च्या मुजीबांवरचा नसून हसीनांच्या पंधरा वर्षांच्या राजवटीवरचा होता. हे न पाहता "बघा, लोकांनी शेवटी मुजीबांना नाकारलं" असं म्हणणारे पुन्हा तीच चूक करतात.

आणि दुखवट्याचं मोजमापच करायचं तर न्यायाचं करा, कारण तिथे चित्र उलटं आहे. मुजीबांच्या मारेकऱ्यांना मोश्ताकने सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम काढून संरक्षण दिलं. झियांच्या राजवटीत १९७९ मध्ये त्याला घटनेचं कवच मिळालं आणि अनेक मारेकऱ्यांना परदेशातल्या वकिलातींत नोकऱ्या मिळाल्या. तो कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. मग साध्या मुलकी न्यायालयात खटला उभा राहिला, साक्षी झाल्या, अपिलं झाली आणि जानेवारी २०१० मध्ये पाच जणांना फाशी झाली. पस्तीस वर्षं लागली, पण कोणी, कसं मारलं हे खुल्या न्यायालयात नोंदलं गेलं. झियांच्या बाबतीत संशयित सूत्रधार मेजर जनरल मंजूर पकडले गेल्यावर काही तासांतच कोठडीत मारले गेले. बंद दाराआड लष्करी न्यायालय बसलं, तेरा अधिकाऱ्यांना मृत्युदंड झाला, तोही बंडाच्या आरोपावरून. खुद्द राष्ट्रपतींच्या खुनाचा खटला खुल्या न्यायालयात चालून त्याचा निकाल लागला, असं आजवर झालेलं नाही. त्यांच्या पत्नी पंतप्रधान असतानाही झालं नाही. मंजूर यांच्या खुनाबद्दल १९९५ मध्ये इर्शाद (१९८१ मधले लष्करप्रमुख) यांच्यावर गुन्हा दाखल झाला. २०१९ मध्ये इर्शाद वारले तेव्हाही तो खटला चालूच होता.