फुकट, पण बेवारस नव्हे : गेम मॉडच्या प्रकाशनाची पार्श्वभूमी

'डूम' या जुन्या कॉम्प्युटर गेमसाठी चाहत्यांनी बनवलेल्या लेव्हलच्या जुन्या संग्रहातली कुठलीही झिप फाईल उघडा, आत दोन गोष्टी सापडतात. एक वॅड फाईल, म्हणजे खुद्द लेव्हल, आणि तिच्या जोडीला एक साधी टेक्स्ट फाईल. या टेक्स्ट फाईलचा साचा ठरलेला असे : शीर्षक, फाईलचं नाव, लेखक, ईमेल, वर्णन, आभार, कुठला एडिटर वापरला, बनवायला किती वेळ लागला, माहीत असलेले दोष कोणते. आणि तळाशी परवानग्या. या लेव्हलच्या पायावर दुसऱ्यांनी नव्या लेव्हल उभारायच्या की नाही, ते लेखकाने सांगायचं. पुढे बहुतेकदा असं वाक्य : ही वॅड वाटायला हरकत नाही, मात्र ही टेक्स्ट फाईल जशीच्या तशी सोबत असली पाहिजे.

कुणी कायदा शिकून हा मजकूर लिहिला नव्हता. ही पोरं रात्र रात्र जागून भिंती आणि दारं जुळवत होती, एक पैसाही मागत नव्हती, पण आपलं नाव पुसलं जाऊ नये एवढी काळजी मात्र घेत होती. मॉडच्या, म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये केलेल्या बदलांच्या आणि भरींच्या, प्रकाशनाचा पुढचा सगळा इतिहास मला तरी या चार ओळींभोवतीच फिरताना दिसतो.

मॉड हा प्रकार 'डूम'च्याही आधीचा. 'कासल वोल्फेनस्टाइन' या ॲपल-टू कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये नाझी सैनिकांच्या जागी निळे स्मर्फ बसवणारी 'कासल स्मर्फेनस्टाइन' १९८३ सालची. अशा गोष्टी फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत जात. पुढे 'डूम'च्या आधीच्या, १९९२ च्या 'वोल्फेनस्टाइन थ्रीडी'तही लोकांनी हात घातलाच, पण तिथे मूळ फाईलच बदलावी लागे. हे दोन्ही गेम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीच्या जॉन कार्मॅकने ते पाहिलं आणि डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम'मध्ये इंजिन वेगळं आणि चित्रं, आवाज, नकाशे वेगळे अशी रचना ठेवली. आता मूळ गेमला धक्का न लावता आपली वॅड वरून चढवता येऊ लागली. दोन महिन्यांच्या आत चाहत्यांनी पहिला लेव्हल एडिटरही तयार केला. आयडीची विनंती एकच होती : या लेव्हल विकत घेतलेल्या गेमवरच चालाव्यात, फुकट वाटलेल्या शेअरवेअर आवृत्तीवर नकोत. व्यवहार सरळ होता. मॉड फुकट, पण तो खेळायचा तर गेम विकत घ्या. कंपन्यांनी मॉडकडे प्रेमाने पाहिलं, त्यामागे हा हिशेब होता हे विसरून चालणार नाही.

वाटपाचा प्रश्न मात्र राहिलाच. मोडेमवरून एखादा मेगाबाइट उतरवायचा म्हणजे फोनची लाइन अडकवून बसणं. ही अडचण सीडीवाल्यांनी हेरली. एफटीपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या फाईलींच्या खुल्या कोठारांत, पडलेल्या शेकडो लेव्हल गोळा करायच्या, चकचकीत खोक्यात घालायच्या आणि विकायच्या. बनवणाऱ्याला छदामही नाही, आणि टेक्स्ट फाईलकडे कोण बघतो?

यातलंच एक प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी'च्या चाहत्यांच्या ३०० लेव्हल उतरवून 'न्यूक इट' नावाची सीडी काढली. वर आपण कुठलाही हक्क मोडलेला नाही असं जाहीर करून घ्यायला स्वतःच कोर्टात गेली. मुद्दा बारीक होता. मॅप फाईलमध्ये गेममधलं एकही चित्र नसतं. कुठलं चित्र कुठे लावायचं एवढीच सूचना असते. मग नक्कल कसली? १९९८ मध्ये अपिली न्यायालयाने ते मान्य केलं नाही. चित्रं नसली तरी या लेव्हल म्हणजे ड्यूकच्या गोष्टीचेच पुढचे भाग, आणि ते लिहिण्याचा हक्क मूळ गेमवाल्यांचा. शिवाय गेमच्या परवान्यात स्पष्ट होतं की नव्या लेव्हल फक्त फुकटच द्यायच्या. सीडीवाले हरले, हे बरंच झालं. पण त्याच निकालाने त्या ३०० लेव्हल रचणाऱ्यांची जागाही दाखवून दिली. खटला दोन कंपन्यांचा होता, त्यात त्यांना कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या बाजूने मोहही वाढत होता. १९९५ मध्ये टीमटीएनटी या चाहत्यांच्या गटाने 'इव्हिल्यूशन' नावाचा लेव्हलचा संच फुकट देणार म्हणून जाहीर केला होता. प्रकाशनाच्या तोंडावर आयडीने तो विकत घेतला आणि १९९६ मध्ये 'फायनल डूम'मध्ये घालून विकला. वाट पाहणारे चाहते भडकले. बनवणाऱ्यांना दोष देणं मात्र मला जमत नाही.

'काउंटर-स्ट्राइक'ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. मिन ली आणि जेस क्लिफ यांनी जून १९९९ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या 'हाफ-लाइफ' गेमवर या मॉडचा पहिला बीटा, म्हणजे चाचणीची कच्ची आवृत्ती, सोडला, मग एकामागून एक बीटा येत गेले, आणि २००० मध्ये व्हॉल्व्हने मॉडही घेतला आणि दोघांनाही. त्यांची जाहिरात म्हणजे हे वारंवार येणारे बीटाच. आज सोडला, लोकांनी शिव्या घातल्या, पुढच्या बीटात दुरुस्त केला.

२००२ मध्ये मॉडडीबी हे संकेतस्थळ सुरू झालं आणि मॉडला बातमी, चित्रं, व्हिडिओ, वार्षिक पुरस्कार असं सगळं एका जागी मिळालं. इथून जाहिरात हे वेगळंच काम होऊन बसलं. कित्येक मॉड फक्त स्क्रीनशॉटमध्येच जगले आणि तिथेच संपले. शिवाय गवगवा झाला की मालकाचंही लक्ष जातं. 'क्रोनो ट्रिगर' या गेमवर काही वर्षं खपून बनवलेला 'क्रिमसन एकोज' २००९ च्या मेअखेर येणार होता. महिन्याच्या सुरुवातीलाच मूळ गेमची मालक कंपनी स्क्वेअर एनिक्सची नोटीस आली आणि काम थांबलं. 'एएमटूआर' (हा मॉड नव्हे, चाहत्यांनी नव्याने रचलेला अख्खा 'मेट्रॉइड') ऑगस्ट २०१६ मध्ये बाहेर तरी पडला. लगोलग 'मेट्रॉइड'ची मालक असलेल्या निन्टेन्डोच्या नोटिशीने डाउनलोडच्या लिंक उतरल्या, पण तोवर प्रती लोकांच्या हातात गेल्या होत्या. तयार होईपर्यंत ब्र काढू नका, हा सल्ला मॉडर, म्हणजे मॉड बनवणारे, एकमेकांना देतात तो अशा अनुभवांतून.

व्हॉल्व्ह मात्र उलट दिशेने गेली. स्टीम या तिच्या ऑनलाइन गेम-दुकानातल्या २०११ च्या स्टीम वर्कशॉपने मॉड लावणं एका क्लिकवर आणलं. मग २३ एप्रिल २०१५ रोजी बेथेस्डा कंपनीच्या 'स्कायरिम' गेमचे मॉड विकायला परवानगी दिली. मॉडरचा वाटा २५ टक्के, उरलेले ७५ व्हॉल्व्ह आणि बेथेस्डाचे. भांडण पैशावरून पेटलं असं म्हणतात, पण खरी गाठ वेगळी होती. विकायला आलेल्या पहिल्या मॉडमध्ये मासेमारीचा एक होता. तो दुसऱ्या मॉडरने फुकट दिलेल्या ॲनिमेशनच्या कामावर उभा होता, आणि त्या मॉडरला हे पसंत नव्हतं. मॉड मागे घ्यावा लागला. वर्षानुवर्षं एकमेकांच्या खांद्यावर उभं राहून झालेल्या कामाला किंमत लावायची, तर ती कुणाकुणात वाटायची? २७ एप्रिलला योजना गुंडाळली आणि घेणाऱ्यांचे पैसे परत केले.

हाच वाद २०२१ मध्ये नेक्सस मॉड्स या मॉड वाटणाऱ्या संकेतस्थळावर पैशाविनाच झाला. अनेक मॉड एकत्र गुंफलेले संच तुटू नयेत म्हणून यापुढे लेखकाने हटवलेली फाईल खरोखर पुसली जाणार नाही, संग्रहात राहील, असं ठरलं. साधारण महिन्याभराची मुदत दिली, आणि कित्येक मॉडरनी त्या मुदतीत आपलं सगळं काम कायमचं काढून घेतलं. खेळणाऱ्यांना हा आडमुठेपणा वाटला. जुन्या टेक्स्ट फाईली वाचलेल्या माणसाला तसा वाटणार नाही.

जुलै २०२४ मध्ये 'फॉलआउट : लंडन' आला. हा बेथेस्डाच्या 'फॉलआउट ४'वरचा एखाद्या स्वतंत्र गेमएवढा मोठा मॉड, जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानावरून फुकट, अट एवढीच की मूळ गेम त्याच्या सगळ्या जोड-भागांसह विकत घेतलेला हवा. तो २३ एप्रिललाच यायचा होता. पण दोनच दिवसांनी बेथेस्डाचं मोठं अपडेट येणार होतं आणि त्याने मॉड कोलमडला असता, म्हणून तीन महिने थांबावं लागलं. अखेर आला तेव्हा ज्यांचा गेम स्टीमवर अपडेट झाला होता, त्यांना आधी तो जुन्या आवृत्तीवर मागे न्यावा लागला.