लिडोकेनच्या दोन पट्ट्या: एक सुईआधीची, एक नागिणीनंतरची

दोन्ही पट्ट्यांत लिडोकेनच असतं, दोन्ही कातडीवर चिकटवतात, आणि बोलताना दोन्हींना ‘बधिर करणारी पट्टी’च म्हणतात. निरोगी स्वयंसेवकांवर दोन्हींची एकाच पद्धतीने चाचणी घेतली तर पहिली पास होते, दुसरी नापास. पण त्यावरून दुसरी पट्टी निकामी ठरत नाही. तिला भलताच पेपर दिलेला असतो.

पहिली पट्टी एम्ला या नावाने ओळखली जाते. तिच्यात लिडोकेन २.५ टक्के आणि त्याच जातीचं प्रिलोकेन २.५ टक्के असतं. सुटं लिडोकेन ६८ अंश सेल्सिअसला वितळतं, प्रिलोकेन ३८ अंशांना. दोन्ही समप्रमाणात एकत्र केली की मिश्रण १८ अंशांनाच वितळतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते तेलासारखं पातळ असतं. या तेलकट थेंबांत औषध दाट भरलेलं असल्यामुळे ते कातडीचा वरचा कोरडा थर ओलांडू शकतं. तासभर झाकून ठेवली की बधिरपणा साधारण ३ मिलिमीटर खोल जातो, दोन तासांनी ५ मिलिमीटरपर्यंत. सलाईनची सुई टोचण्याआधी लावायची ती ही.

दुसरी पट्टी ५ टक्के लिडोकेनची. ती १० × १४ सेंटिमीटरची असते आणि तिच्या पाणीदार जेलमध्ये ७०० मिलिग्रॅम लिडोकेन असतं. नागीण बरी झाल्यावरही मागे उरणाऱ्या मज्जातंतूंच्या वेदनेसाठी ती वापरतात: १२ तास लावायची, १२ तास काढून ठेवायची.

आता हिशेब बघा. ७०० मिलिग्रॅम भागिले १४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिग्रॅम. एम्लाच्या पट्टीत १० चौरस सेंटिमीटरवर दोन्ही औषधं मिळून ५० मिलिग्रॅम, म्हणजे तिथेही ५ मिलिग्रॅमच. फरक मात्रेचा नाही, औषध कोणत्या रूपात ठेवलंय त्याचा आहे. जेलच्या पट्टीतून १२ तासांत जेमतेम ३ टक्के लिडोकेन शरीरात जातं. तेवढ्याने वेदना कमी होऊ शकते, पण कातडी पूर्ण सुन्न होत नाही, आणि ती व्हावी असा हेतूही नसतो. इजा झालेले मज्जातंतू सतत संदेश सोडत असतात. संदेश जाताना मज्जातंतूंवरची जी सूक्ष्म दारं उघडतात त्यांना सोडियम मार्गिका म्हणतात; वारंवार उघडणाऱ्या मार्गिकांना लिडोकेन जास्त घट्ट धरतं, त्यामुळे थोडी मात्राही तिथे पुरते. निरोगी माणसाच्या हातात असा गोंधळ चालूच नसतो. सुई टोचली की त्याला ती टोचते, आणि तो खरं तेच सांगतो.

म्हणून एम्लासाठी टोचणीची चाचणी योग्य आहे: लागलं की नाही, आणि लागलं तर ० ते १० मध्ये किती. जेलच्या पट्टीसाठी जाणिवांचे उंबरठे, म्हणजे किती उष्णतेला, स्पर्शाला किंवा टोचणीला जाणवू लागतं ते, मोजावे लागतात आणि बदल लहान असणार हे धरूनच चालावं लागतं. या कामाला जर्मन संशोधकांच्या गटाने बसवलेली पद्धत बरीच वापरतात. ९ चौरस सेंटिमीटरचं तापणारं-थंड होणारं यंत्र ३२ अंशांपासून सुरू होतं आणि सेकंदाला १ अंशाने बदलतं. खाली ० आणि वर ५० अंशांना ते थांबतंच. हलक्या स्पर्शासाठी ०.२५ ते ५१२ मिलिन्यूटन जोराने टेकणारे केसासारखे धागे, टोचणीसाठी ८ ते ५१२ मिलिन्यूटनच्या बोथट सुया. ऊन-गारवा-वेदना वाहणाऱ्या बारीक तंतूंवर या पट्टीचा परिणाम दिसतो, पण तो अर्धवट असतो.

इथे एक साधी चूक फार महागात पडते. एम्लाची पट्टी गोल असते. १० चौरस सेंटिमीटरच्या वर्तुळाचा व्यास साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, आणि ३ × ३ सेंटिमीटरच्या चौरस यंत्राचा कर्ण सव्वाचार. म्हणजे यंत्राचे चारही कोपरे बधिर न झालेल्या कातडीवर टेकतात, तिथूनच उष्णता जाणवते आणि ‘औषधाने काही झालं नाही’ अशी नोंद होते. उष्णतेची चाचणी करायची असेल तर पट्टी सोडून त्याच औषधाचं मलम घ्यावं, २० ते २५ चौरस सेंटिमीटरवर २.५ ग्रॅम, वरून हवाबंद आवरण. जागेच्या कडा आधीच पेनाने आखून ठेवाव्यात.

जागा हाताच्या आतल्या बाजूची. केस असतील तर कात्रीने कापायचे. वस्तऱ्याने वरचा थर खरवडला जातो, मग औषध जास्त शिरतं आणि आकडे फुगतात. पट्टी लावण्याआधीची मोजणी झालीच पाहिजे, आणि कोणत्या हाताला औषध, कोणत्या हाताला बिनऔषधाची पट्टी हे चिठ्ठीने ठरवावं.

तुलना उघड्या कातडीशी करू नये. जेल स्वतःच गार लागतं, कपड्याचं घासणं अडवतं आणि कातडी ओली करतं, म्हणून हुबेहूब तशीच पण बिनऔषधाची पट्टी हवी. काढल्यावर कातडी कोरडी आणि नेहमीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर उष्णतेचे आकडे सरकतात. एम्लाची अडचण वेगळी: तिच्याखालची कातडी आधी पांढुरकी पडते, मग लालसर होते, आणि औषध कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. पट्टी काढणारा आणि मोजणारा वेगळा ठेवला तरी हे पूर्ण झाकलं जात नाही. शेवटी स्वयंसेवकालाच विचारावं, ‘तुमच्या मते औषध कोणत्या हाताला होतं?’ आणि उत्तर नोंदवावं.

जेलच्या पट्टीची बाजू नीट तपासायची तर कातडी आधी हुळहुळी करावी लागते. त्यासाठी अतिनील किरणांनी आणलेली लाली, मिरचीतलं कॅप्सेसिन किंवा सौम्य चटका वापरतात. (८ टक्के कॅप्सेसिनचीही पट्टी मिळते. ती तिसरीच गोष्ट; आधी चांगलीच भाजते.) मग ब्रशच्या हलक्या स्पर्शाने दुखणारा भाग किती आकसला ते मोजता येतं. फोड आला किंवा कातडी फुटली तर तिथे पट्टी लावायची नाही.

तीन पट्ट्या १२ तास लावल्या तर रक्तात लिडोकेन मिलिलिटरला ०.१३ मायक्रोग्रॅमच्या आसपास चढतं. विषबाधेची चिन्हं साधारण ५ च्या पुढे दिसतात. अंतर मोठं आहे, पण ते धड कातडीपुरतंच. १९९६ साली अमेरिकेत एका निरोगी स्वयंसेविकेचा श्वासनलिकेच्या तपासणीत दिलेल्या जास्त लिडोकेनमुळे मृत्यू झाला होता. कातडीचा कोरडा थर श्वासमार्गात नसतो. शेकाने कातडीतूनही औषध जास्त शिरतं, म्हणून पट्टीवर शेक देणं टाळायचं. अशा भुलीच्या औषधांची ॲलर्जी असणारे आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी औषध घेणारे चाचणीत नकोत. एम्लासाठी जी-६-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेलेही नकोत, कारण प्रिलोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते.

वापरून काढलेल्या जेलच्या पट्टीत किमान ६६५ मिलिग्रॅम औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत घेऊन ती दुमडायची आणि मुलांच्या, पाळीव जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशा झाकणाच्या डब्यात टाकायची.