पंपात खडी घुसलीच नव्हती

कारखान्यातला मोठा पंप एक दिवस खडखडायला लागतो. केसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचात, मूठभर खडी भिरभिरत असावी, असा तो आवाज. फिटर पंप थांबवतो, वीज तोडून स्विचला स्वतःचं कुलूप घालतो आणि केसिंग उघडतो. आत खडी नसते, वाळूचा कणही नसतो. पण इम्पेलर, म्हणजे पाणी फिरवणारं पात्यांचं चाक, बाहेर काढला की पात्यांवर, पाणी आत शिरतं त्या कडेच्या जरा पुढे, धातू वाळवी लागलेल्या लाकडासारखा पोखरलेला दिसतो. नवा इम्पेलर बसतो, आवाज मात्र तसाच राहतो. काही महिन्यांनी नव्या पात्यांचीही तीच गत होते.

या आजाराचं नाव कॅव्हिटेशन. माझ्या मते पंपाच्या दुरुस्तीत याच्याइतकं फसवणारं दुसरं काही नाही, कारण जखम दिसते पंपात आणि दुखणं असतं बहुतेक वेळा त्याच्याआधीच्या पाइपात.

मुळात पंप पाणी ओढतो हा आपला गैरसमज आहे. पंप फक्त स्वतःच्या तोंडाशी दाब कमी करतो. पाणी वर ढकलण्याचं काम बाहेरची हवा करते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याचा सुमारे 10.3 मीटर उंच स्तंभ पेलतो. त्याहून खोलातलं पाणी वर बसवलेला कोणताही पंप उचलू शकत नाही, मग मोटर कितीही दांडगी असो.

दुसरी गोष्ट उकळण्याची. पाणी 100 अंशांना उकळतं हे वातावरणाच्या दाबाखाली खरं. दाब उतरवत नेला तर ते कमी तापमानाला उकळतं आणि दाब सुमारे त्रेचाळीसाव्या भागावर आणला तर 20 अंशांचं गार पाणीसुद्धा उकळतं. इम्पेलरच्या तोंडाशी, पात्याच्या मागच्या बाजूला, दाब नेमका असाच कोसळू शकतो. तिथे वाफेचे बारीक फुगे तयार होतात आणि पाण्याबरोबर पुढे जातात. पुढे दाब वाढतो आणि फुगे मिटतात. मिनिटाला 2,900 फेऱ्यांच्या पंपात एका फेऱ्याला सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग लागतो. एवढ्यात हा सगळा जन्ममृत्यूचा खेळ उरकतो.

फुगा मिटला तर बिघडलं कुठे? इथे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले मदतीला येतात. पाण्यातली रिकामी पोकळी सगळीकडून आत कोसळली तर काय होईल, याचं गणित त्यांनी 1917 साली मांडलं. पोकळीची त्रिज्या विसाव्या भागावर आली की तिच्या जवळच्या पाण्यातला दाब वातावरणाच्या बाराशे पटींहून वर जातो, असं उत्तर निघालं. प्रत्यक्षात पात्याला चिकटलेला फुगा सगळीकडून सारखा मिटत नाही. त्याची बाहेरची बाजू आत घुसते आणि सुईसारखी पाण्याची धार थेट धातूवर आदळते. एका फुग्याने काही होत नाही. पण असे फुगे दिवसरात्र, त्याच जागी फुटत राहिले तर स्टेनलेस स्टीलही झिजतं.

रॅलेंच्या गणितामागे जहाजांचे पंखे होते. इंजिनिअर चार्ल्स पार्सन्स यांनी 1894 मध्ये वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ ही नौका पाण्यात उतरवली, पण पंखा इतक्या वेगाने फिरायचा की त्याभोवती पाण्याऐवजी पोकळीच असायची आणि नौका काही अपेक्षेइतकी धावेना. पार्सन्सनी टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ तापवलं, त्यात छोटा पंखा फिरवला आणि दिव्याच्या झपक्यांत फुगे डोळ्यांनी पाहिले. पाणी तापवण्याची युक्ती मला फार आवडते. गरम पाण्यात फुगे लवकर धरतात, हे ज्याला कळलं त्याला पंपाचा निम्मा आजार कळला.

आता हिशेब करू. पाणी पंपाच्या 4 मीटर खाली आहे. हवेच्या 10.3 मीटरमधून 4 गेले, पाइपातल्या घर्षणात 1 गेला, उरले 5.3. त्यातून 20 अंशांच्या पाण्याच्या वाफेचा दाब, म्हणजे पाव मीटरभर वजा केला की हातात सुमारे 5 मीटर राहतात. ही पाण्याची शिल्लक. पंपाला 4 मीटर हवे असतील तर काम सुरळीत चालतं. मग सक्शनच्या, म्हणजे पंपाकडे पाणी आणणाऱ्या पाइपाच्या, जाळीत कचरा साचतो आणि घर्षण दीड मीटरने वाढतं. शिल्लक साडेतीनवर येते आणि खडी वाजू लागते. जाळी स्वच्छ असूनही पाणी 60 अंशांचं झालं तर वाफेचा दाब एकटाच 2 मीटर खातो, परिणाम तोच. उत्पादन वाढवायचं म्हणून प्रवाह 20 टक्क्यांनी वाढवला तर घर्षण 44 टक्क्यांनी वाढतं, आणि पंपाची गरजही त्याच वेळी चढते.

यात एक मेख आहे. कंपनीच्या कागदावर पंपाची जी गरज छापलेली असते, ती सहसा पंपाची उचल 3 टक्क्यांनी घटते त्या बिंदूवर मोजलेली असते. म्हणजे तिथे फुगे सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो. ‘कागदाप्रमाणे बरोबर आहे’ असं म्हणणाऱ्याचा पंपही त्यामुळे पोखरला जाऊ शकतो. वर थोडी जागा राखावीच लागते.

म्हणून खडखड ऐकू आली की पाना हातात घेण्याआधी सक्शनला गेज लावावा. जाळी, पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह, अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, आतून सुटलेलं रबरी अस्तर, सगळं तपासावं. डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी बाहेर जातं त्या बाजूचा, व्हॉल्व्ह किंचित आवळून पाहावा. प्रवाह कमी होताच आवाज विरला तर संशय पक्का. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र आवळू नये, तो घशालाच आवळणं होईल. कुठे हवा आत शिरत असेल तरी पंप असाच कुरकुरतो, पण तो आवाज एवढ्याने सहसा जात नाही. गंमत म्हणजे थोडी हवा फुग्यांच्या माराला उशीसारखी झेलते आणि खडखड दबते. काही जण ती मुद्दाम सोडतात. आवाज जातो, शिल्लक काही वाढत नाही.

ही हवा कधी ग्लँडमधूनही येते, म्हणजे शाफ्ट केसिंगबाहेर येतो तिथे पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागातून. नवशिक्या फिटरला ग्लँडमधून पडणारे थेंब बघवत नाहीत आणि तो नट आवळत जातो. पण तेच थेंब पॅकिंगला गार ठेवतात; कोरडं पॅकिंग शाफ्टवरच्या स्लीव्हला चरे पाडतं आणि मग त्याच चऱ्यांतून हवा आत येते.

देखभालीची वही हाही एक गेजच समजावा. फुग्यांच्या कंपनांनी, शाफ्टपाशी पाणी अडवणाऱ्या मेकॅनिकल सीलच्या दोन चकत्यांमधला मायक्रॉनभर जाडीचा पाण्याचा पापुद्रा मोडतो, बेअरिंगवर जादा भार येतो. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या भागावर येतं. त्यामुळे वहीत ‘सील बदलले, बेअरिंग बदलले’ अशा नोंदी ओळीने भरलेल्या दिसतात आणि सक्शनचा उल्लेखही नसतो.

पाइपाची जोडणीही बघावी. मोठा पाइप पंपाच्या तोंडाशी लहान होतो तिथे वरची बाजू सपाट असलेला तिरका रिड्यूसर बसवतात, म्हणजे वर हवेचा कप्पा साचत नाही. तोच उलटा बसवलेला सापडणं दुर्मीळ नाही. पंपाला अगदी चिकटून एल्बो, म्हणजे पाइपाचं वळण, असेल तर पाणी इम्पेलरच्या तोंडात वाकडं शिरतं. आधी पाच ते दहा व्यासांइतका सरळ पाइप हवा.

आणि जिथे पाणी मुळातच उकळीवर असतं? औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाची हीच अवस्था असते. ज्या टाकीतून तो पाणी घेतो, त्या डीएरेटरमधलं, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा काढणाऱ्या टाकीतलं, पाणी आतल्या दाबाला अगदी उकळीच्या बिंदूवर असतं. हवेचा आधार हिशेबातून पूर्ण बाद. शिल्लक फक्त उंचीची. म्हणून पंप तळमजल्यावर आणि ती अवजड टाकी कित्येक मीटर वर, पोलादी खांबांवर चढवलेली असते.