बटाट्यावरील उशिरा येणारा करपा : रोगकारकातील विविधता

बटाट्यावर उशिरा येणारा करपा ‘फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स’ या सूक्ष्मजीवामुळे होतो. शेतकरी त्याला बुरशीच म्हणतात, पण खऱ्या बुरशीपासून तो वेगळा आहे. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते आणि कुळाने तो तपकिरी शैवालांना जवळचा आहे. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाटा याच रोगाने गेला आणि त्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे दगावली.

सातारा जिल्ह्यात पुसेगाव आणि खटाव-कोरेगावच्या पट्ट्यात बटाटा मुख्यतः खरिपात होतो. लागवड जून-जुलैत. पुढे आठवडाभर झिमझिम लागून राहिली, पाला दिवसभर ओला राहिला की या रोगाला हवी तशी हवा मिळते. पानाच्या कडेला पाणी मुरल्यासारखा डाग पडतो. सकाळी पान उलटून पाहिले तर डागाच्या कडेने पांढरी लव दिसते. ऊन चढल्यावर ती शोधूनही सापडत नाही. लवकर येणाऱ्या करप्याच्या डागात मात्र एकात एक वलये असतात. दोन्हींमधला फरक फवारणीआधी पाहायलाच हवा.

प्रतिकारक वाणावर या रोगाचे बीजाणू पडले तर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका पडतो आणि लागण तिथेच थांबते. रोगकारक पेशीत काही प्रथिने सोडतो. त्यांपैकी एखादे वाणाच्या प्रतिकारक जनुकाने ओळखले की ती पेशी स्वतःच मरते आणि आत शिरलेल्या जीवाचा पुढचा रस्ता बंद होतो. सोलॅनम डेमिसम या मेक्सिकोतल्या रानटी बटाट्यातून आलेल्या अशा जनुकांना आर-1 ते आर-11 अशी नावे आहेत. रोगकारकाचा कोणता प्रकार यांतली कोणती जनुके चुकवतो, त्यावरून त्याची ‘रेस’ ठरते. ही पद्धत 1953 मध्ये आखली गेली. चुकवायला फार मोठा बदल लागतोच असे नाही. आर-3ए हे जनुक ज्या प्रथिनाला ओळखते, त्याच्या ओळखल्या जाणाऱ्या आणि निसटणाऱ्या रूपांत फक्त दोन अमिनो आम्लांचा फरक आहे.

ग्रहणशील, म्हणजे रोगाला सहज बळी पडणाऱ्या, वाणावर सगळ्याच रेस जगतात. प्रतिकारक वाण मात्र त्यांतून नेमक्या निसटणाऱ्या निवडून वाढवते. म्हणजे एकच प्रतिकारक वाण सलग मोठ्या क्षेत्रावर लावणे हे त्याची ताकद आपणच घालवण्यासारखे आहे. कुफरी ज्योती हे वाण 1968 मध्ये आले तेव्हा करप्याला दाद देत नव्हते, पण पुढे तो प्रतिकार ढासळला. दुसरी बाजू अशी की, अनेक जनुके चुकवणाऱ्या रेस त्या जनुकांचा मागमूस नसलेल्या ग्रहणशील वाणांवरही सर्रास सापडतात. त्यामुळे प्रतिकारक वाण काही वर्षे बंद ठेवले की त्याच्यावर मात करणारी रेस आपोआप हटेल, यावर विसंबता येत नाही. अनेक जनुकांतून येणारा आंशिक प्रतिकार रोगाला पूर्ण अडवत नाही, पण डाग हळू वाढतो आणि बीजाणू कमी तयार होतात. तो जास्त टिकतो, म्हणून मोलाचा.

नवे प्रकार उत्परिवर्तनातून येतात, तसेच लैंगिक संकरातूनही. त्यासाठी ए-1 आणि ए-2 हे दोन्ही संकर-प्रकार एकत्र यावे लागतात. ए-2 मेक्सिकोबाहेर असल्याची पहिली नोंद 1984 मध्ये स्वित्झर्लंडमधून झाली. 2009 मध्ये वाचलेल्या या रोगकारकाच्या जनुकसंचात डीएनएच्या सुमारे 24 कोटी अक्षरांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश भाग पुनरावृत्तीचा निघाला. पेशीत सोडल्या जाणाऱ्या प्रथिनांची जनुके याच पुनरावृत्तीच्या, जनुके विरळ असलेल्या आणि झपाट्याने बदलणाऱ्या भागांत आहेत.

नवे प्रकार येण्याची तिसरी वाट स्थलांतराची, आणि साताऱ्याच्या दृष्टीने मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. इथला उन्हाळा पाहता रानात राहिलेल्या कंदातून रोग पुढच्या हंगामापर्यंत टिकणे अवघड. बेणे मात्र मुख्यतः पंजाबातून येते, आणि वरून निरोगी दिसणाऱ्या कंदातही रोगकारक असू शकतो. शिवाय टोमॅटोवरही हाच रोग येतो. युरोपात 2004 मध्ये आढळलेला, मेटॅलॅक्झिल या बुरशीनाशकाला न जुमानणारा 13-ए-2 हा वंश पुढे नैर्ऋत्य भारतात टोमॅटोच्या तीव्र साथींमध्ये सापडला. म्हणून रेस तपासण्यासाठी नमुने घेताना ग्रहणशील आणि प्रतिकारक अशा दोन्ही वाणांच्या बटाट्याची पाने घ्यावीत, शेजारच्या टोमॅटोचीही. फक्त प्रतिकारक वाणावरचे डाग तपासले तर निवडून आलेल्या रेसच हाती लागतात.